वहिदाच्या पिशवीतला ठसा

मकाई गेटच्या कमानीतून बाहेर पडून आम्ही पुलावर आलो तेव्हा वहिदानं पिशवीचा खांदा चौथ्यांदा बदलला.

"दे इकडं थोडा वेळ. मी धरते," मी म्हटलं.

"नक्को ताई. जड नाय ती."

"मग सारखी इकडून तिकडं करतेस कशाला?"

"जड नाय," ती म्हणाली, "पण लागते."

किराणा दुकानात मिळते तशी कापडी पिशवी. आत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लाकडी होतं, पोळपाटाच्या निम्म्यानं. शहागंजच्या घड्याळापाशी आम्ही भेटलो, चालायला लागलो, त्याला तास होत आला होता. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, आणि खाम नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त होती. माझ्या हातात वही होती, पण अजून त्यात फक्त नाव, गाव आणि वय एवढंच उतरलं होतं. वहिदा रंगरेज. माहेर देवगाव रंगारी. त्रेचाळीस.

मी गंगापूरला बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर इकडं मुलाकडं राहायला आले, आणि अधूनमधून लिहिते. या वर्षी एका दिवाळी अंकानं मला वेगळी वाट धरलेल्या बाईवर लिहायला सांगितलं. वेगळी वाट म्हणजे माझ्या डोक्यात एसटीची कंडक्टर, नाहीतर पेट्रोलपंपावरची मुलगी. पण पुण्याच्या भाचीनं एक मोठं चौकोनी पाकीट माझ्यासमोर धरलं नि म्हणाली, "मावशी, हे तुमच्या औरंगाबादच्या बाईनं केलंय बघ." पाकिटात जुन्या काळी असायची तशी काळी तबकडी होती. कुठल्याशा रॉक बँडचा अल्बम. हल्ली पुन्हा तबकड्या निघतात म्हणे, हौशी लोक घेतात. भाचीनं गाणंही ऐकवलं. मला वाटलं मिक्सरचं भांडं नीट बसलेलं नाही.

पण पाकीट मी बराच वेळ हातात धरून बसले. पांढऱ्या कागदावर एकच नक्षी, दिवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी वेढणारी वेल, काळ्या शाईत गोल गोल उठवलेली. बाहेर मोठं वर्तुळ, आत त्याहून लहान, त्याच्या आत आणखी लहान. मधोमध काहीच नाही. बघता बघता आपण विहिरीच्या काठावरून खाली वाकून बघतोय असं होतं. अल्बमचं नाव होतं 'बोअरवेल'.

ते पाकीट कुणी केलं ते शोधत मी वहिदापर्यंत पोचले. ती गुलमंडीच्या मागं एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं काम करते, आणि उरलेल्या वेळात रॉक बँडांच्या अल्बमची कव्हरं. तिची एकच अट होती. "घरी नक्को ताई. घरी बसले की हात काहीतरी करायला लागतात आन् तोंड बंद होतं. आपण चालत बोलू. मकबऱ्यामागच्या लेण्यांपर्यंत जाऊ."

पुलाच्या मध्यावर ती थांबली. कठड्याला टेकली नाही, पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

"ताई, तुम्ही ज्या कव्हरसाठी आला ना, ते ह्याच ठशानं केलंय. ह्यात तोच हाय." मग एका दमात म्हणाली, "हा गलेफचा ठसा हाय. आमच्या गावच्या पीरसाहेबांच्या मजारीवर उरुसाला जी चादर चढते, ती. हा दुसऱ्या कशावर उठवत नसतात. मला माहीत नव्हतं. अब्बांनी आता हा परत मागितलाय, त्यांना ह्या वर्षी गलेफ छापायचाय. येत्या रविवारी मला हा त्यांच्या हातात द्यायचाय. आन् मी ह्याचं काय केलं ते त्यांना ठाऊक नाय."

मी वही मिटली. ती म्हणाली, "मिटू नका. लिहा. मी बघते मला सांगता येतं का."

मग आम्ही बेगमपुऱ्याच्या दिशेनं चालू लागलो, आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं.

देवगावात तिच्या घरात चार पिढ्या कापड रंगवायचं नि लाकडी ठशांनी छापायचं काम. अब्बांचं नाव मुबारक. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते, उर्दू शाळेत चौथीला. त्यानंतरच्या वर्षी शाळेत मास्तर बदलले, पुस्तकं बदलली. मुबारकला दोन महिने फळ्यावरची नवी मराठी अक्षरं उलगडेनात. तिसऱ्या महिन्यात तो शाळेत गेलाच नाही, वहिदाच्या आजोबांच्या शेजारी रंगाच्या कुंडीपाशी जाऊन बसला. आजोबांनी विचारलंसुद्धा नाही, हातात ठसा दिला.

"त्यामुळं अब्बा उर्दू फडाफडा वाचतात, मराठी अक्षर एक नाय. बोलायला बसले तर मात्र तुम्हाला हरवतील," वहिदा म्हणाली. "बाजारात कुणबिणी यायच्या लुगडं रंगवायला. अब्बा त्यांच्याशी भांडायचे ते मराठीत. हसायचे पण मराठीत."

हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड, लोखंड नि गूळ कुजवून केलेला काळा रंग, तुरटीवर चढणारा लाल. हे सगळं तिनं आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत पाहिलं. मग गिरणीचं छापील पातळ पंचवीस रुपयांत मिळायला लागलं आणि कुंड्या उपड्या पडल्या. अब्बा दुसऱ्यांच्या रानात कामाला जाऊ लागले. ठसे एका पेटीत गेले, पेटी माळ्यावर गेली.

"आणि गलेफ?" मी विचारलं.

"तो पण तेव्हाच थांबला. पैठण गेटच्या बाजारातून तयार चादर यायला लागली, जरीची. चमकते लई." ती थोडं चालली. "ताई, खरं सांगू का? मी गलेफ छापताना कधी बघितलाच नाय. पहाटे फजरची नमाज झाली की दादा, म्हंजे आमचे आजोबा, आन् अब्बा आंघोळ करून खोलीचं दार लावून घ्यायचे. आत बोलणं नाय, पाणी पिणं नाय. हिरवं कापड, डिंकात घोटलेली चांदीची भुकटी. आम्ही पोरं बाहेर. दुपारी दार उघडलं की गलेफ घडी घालून परातीत ठेवलेला. परात डोक्यावर, आन् वाजतगाजत दर्ग्याला. मी नक्षी बघायची कधी? घडीच दिसायची."

"कुणी सांगितलं नाही की हा ठसा वेगळा आहे म्हणून?"

"घरातल्यांना सांगतात का ताई?" ती म्हणाली. "घरातल्यांना माहीत असतंच, असं सगळ्यांना वाटतं."

बेगमपुऱ्यात तिच्या नवऱ्याचं, मोहियोद्दीनचं, फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं चहासाठी थांबलो. मोहियोद्दीन जाड, हसरा, हातात पक्कड. माझ्यासाठी त्यानं एका बंद फ्रिजवरचा पसारा बाजूला केला आणि चहाचा कप त्यावर ठेवला.

"मॅडम, हिच्या कव्हरवर काय लिहायचं ते लिहा," तो म्हणाला, "गाण्यांवर नका लिहू. ती घरी लावते तेव्हा मला वाटतं काँप्रेसर गेला. दोनदा मी उठून फ्रिज उघडून बघितलाय."

"आन् तुम्ही कव्वाली लावता तेव्हा शेजारचे काय म्हणतात?" वहिदानं त्याला विचारलं.

"ते मान डोलावतात!"

"ते डोलवत नसतात. नाय नाय करत असतात," वहिदा म्हणाली.

मी हसले. मोहियोद्दीननं पिशवीकडं बघितलं, मग तिच्याकडं. आवाज जरा खाली आणला. "आज पण घेऊन फिरतेस? मॅडम, तुम्ही तरी समजवा. मी म्हणतो, सांगायचंच कशाला? म्हातारा माणूस. ऐंशी ओलांडली. ठसा धुवायचा, पॉलिश पेपर मारायचा, नेऊन द्यायचा. विषय संपला."

"पॉलिश पेपरनं नक्षी जाईल ना. कूलर हाय का तो?"

"मग नुसता धू."

"धुतला. सहादा धुतला. लाकडानं शाई पिलीये." तिनं कप ठेवला. "अब्बा हात फिरवतील आन् समजतील. छापलं की चांदीत काळं उतरणारच."

आम्ही निघताना मोहियोद्दीननं तिच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा टाकायला हात पुढं केला, मग काय वाटलं कोण जाणे, तो माझ्या हातात दिला.

मकबऱ्याच्या मागच्या रस्त्याला लागलो तशी गर्दी मागं राहिली. डाव्या हाताला विद्यापीठाची झाडं, समोर डोंगर. श्रावणामुळं डोंगर हिरवा दिसत होता, एरवी इथं बघण्यासारखं काही नसतं. मी तिला म्हटलं, हे सगळं खरं, पण मी तुझी मुलाखत घ्यायला आलेय. रॉकच्या वाटेला तू लागलीस कशी ते सांग.

ती पहिल्यांदा मोकळी हसली. "काळ्या मातीनं लावलं."

दहावीपर्यंत ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत मराठीतून शिकली. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिथल्या मास्तरांनी देववल्या. मग शहरात मामाकडं राहून चित्रकलेचं शिक्षण, मग लग्न, मग छापखाना. सोळा वर्षांपूर्वी छापखान्यात इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुलं आली. त्यांना कार्यक्रमाचं पोस्टर हवं होतं. बँडचं नाव 'ब्लॅक कॉटन'. सगळे बांधकामवाले, सिव्हिलचे. आपल्याकडच्या काळ्या मातीला त्यांच्या पुस्तकात असं नाव आहे म्हणाले, ज्या मातीत पाया टिकत नाही ती.

"मालक म्हणाले, देऊन टाक एखादी गिटार काढून. मी त्यांना विचारलं, गाण्यात काय म्हणता? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सगळं इंग्रजी नि हिंदी. मी म्हटलं, मला मराठीत सांगा, आन् हळू सांगा. एकजण म्हणाला, मॅडम, ह्यात भेगा पडतात. जमिनीला भेगा पडतात नि त्यात एक माणूस आपल्या बापाचा आवाज शोधतो. मी म्हटलं, मग गिटार कशाला पाहिजे?"

तिनं पोस्टरवर नुसत्या भेगा काढल्या. जमिनीच्या. लांबून बघितलं तर त्यात एक कान दिसायचा. ते पोस्टर पोरांनी पुण्याला नेलं, तिथून दुसऱ्या बँडनं विचारलं, मग तिसऱ्यानं. आता शिलाँगहून नि कोचीहूनही तिच्याकडं काम येतं. तिची पद्धत मात्र तीच. गाणाऱ्यानं फोनवर गाणं सांगायचं, गायचं नाही. वाद्यं नाहीत, चाल नाही, फक्त काय म्हणायचंय ते. ती तेव्हा भाजी निवडते. भाजी निवडता निवडता जिथं हात थांबतो तिथं चित्र असतं, असं तिचं म्हणणं. मग ती गाणं ऐकते, एकदाच, कानाला लावून. दुसऱ्यांदा ऐकलं तर सवय होते नि काही दिसत नाही.

"आवडतं तुला ते संगीत?" मी विचारलं.

"तुम्हाला आवडलं का?"

"नाही," मी खरं सांगितलं.

"मला आधी नव्हतं आवडत. मग एकदा कळलं, की ही पोरं ओरडत नायत, हाक मारतात. लांबच्या माणसाला. जवळचा असता तर हळू बोलले असते." तिनं खांदा बदलला. "आमच्याकडं दर्ग्यावर पण असतात ना एखादे. रडत रडत मागतात. त्यांचा आवाज काय गोड असतो का?"

मी ते तसंच लिहून घेतलं. आमच्याकडं आरतीत मागं उभा राहून बेसूर ओरडणारा एकजण नेहमी असतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा.

"अब्बांना माहीत आहे? हे कव्हरांचं?"

"त्यांना लग्नपत्रिका माहीत हायत. ते खोटं नाय, मी पत्रिका करतेच. बाकीचं..." तिनं हात हलवला. "आधी वाटलं, कशाला सांगा, चार दिवसांचं काम. मग सोळा वर्षं झाली. आता कुठून सुरुवात करायची?"

तीन वर्षांपूर्वी अम्मा गेली. चाळीस दिवस झाल्यावर अब्बांनी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि वहिदाला दिली. म्हणाले, मी गेल्यावर सगळे चुलीत घालतील, तू चित्रं काढतेस, तू ने. पेटीत एकोणीस ठसे. अठरा नुसते एकमेकांवर रचलेले, एक फडक्यात बांधलेला.

"फडक्याचा रंग उडालेला. मातकट. मला वाटलं अम्मानं बांधला असेल, कोपरे फुटू नये म्हणून. लई नाजूक कोरीव काम ताई. पण तोंडावर कसली तरी पुटं चढलेली, काही दिसेना. ठसा तसा पण उलटा असतो, त्यात खड्डे भरलेले. आता कळतं, ती डिंकाची नि चांदीची पुटं होती. तेव्हा मला काय माहीत? मी रॉकेल घेतलं, दात घासायचा ब्रश घेतला आन् बसले."

ती चालायची थांबली. रस्ता चढाला लागला होता.

"आन् ब्रश कशाला पुसला, माहीत हाय? त्या फडक्याला."

ती चढ चढू लागली.

"नंतर फडकं टाकून दिलं. रॉकेलचं फडकं घरात कशाला ठेवायचं, म्हणून."

त्याच सुमाराला 'ब्लॅक कॉटन'ची मुलं पुन्हा आली. आता मुलं कसली, पस्तिशीला टेकलेली, पुण्यात नोकऱ्या करणारी. त्यांना त्यांचा पहिला मोठा अल्बम काढायचा होता. गाणं बोअरवेलचं. सहाशे फूट खाली जाऊनही पाणी लागत नाही, तरी मशीन थांबवू देत नाही असा एक माणूस. ती भाजी निवडत ऐकत होती. हात थांबला तेव्हा समोर खिडकीत तो साफ केलेला ठसा वाळत ठेवलेला होता. छापखान्यातली काळी शाई लावून तिनं पहिला छाप कागदावर उठवला, आणि दिवा दिसला. वेल दिसली.

"मी इतकी खूश झाले ताई. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं. रात्रंदिवस तोच ठसा. दीडशे वेळा उठवला असेल एका कागदावर. हात भरून यायचा. मनात यायचं, अब्बांना दाखवलं पाहिजे."

पाचशे तबकड्या निघाल्या. कव्हरचं कौतुक झालं. कुठल्या कुठल्या मासिकात छापून आलं. ते सगळं दोन वर्षांपूर्वीचं. आणि गेल्या महिन्यात अब्बांचा फोन. गावात नव्या पिढीतल्या कुणीतरी उरूस कमिटीत विषय काढला, की बाजारची चादर नको, आपल्या गावचं नाव रंगारी आहे, पूर्वीसारखा हातानं छापलेला गलेफ चढवू. मुबारकभाईंशिवाय कुणाला येत नाही. अब्बा फोनवर पोरासारखे बोलत होते. हात थरथरतो, पण ठसा हातात आला की थांबेल म्हणाले. आणि म्हणाले, तो दिव्याचा ठसा घेऊन ये. हिरव्या फडक्यात बांधलेला आहे, तुझ्या आजीच्या हातचं फडकं. हळू आण.

"हिरवं," वहिदा म्हणाली. "मला तर मातकट दिसलं होतं."

लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथं आम्ही पोचलो. पहारेकऱ्यानं हाक मारून बंद व्हायची वेळ सांगितली. आम्हाला वर जायचंच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर एका बाजूला बसलो. खाली मकबऱ्याचा घुमट, त्याच्या पलीकडं सगळं शहर, धुरकट. वहिदानं पिशवीतून ठसा काढला. पायरीवर ठेवला नाही. मांडीवर टॉवेल पसरून त्यावर ठेवला. सागवानी, हाताच्या पकडीनं पाठीवर गुळगुळीत झालेला. उलटून तोंड वर केलं. दिव्याची ज्योत सुपारीच्या खांडाएवढी, तीत तीन रेघा. खोबणींत काळं. खरंच, लाकडानं शाई पिली होती.

मी हात लावला नाही. चपला मी काढून ठेवल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. वहिदाच्या आधी आलं असावं. ती माझ्या पायांकडं बघत होती.

"ताई, तुम्हाला काय वाटतं? मी पाप केलं का?"

मी तिला माझीच गोष्ट सांगितली. लग्न होऊन मी गंगापूरला आले तेव्हा आमच्या घरात देवाच्या पाण्याचा गडू वेगळा होता. तांब्याचा, लहान. कोनाड्यात इतर भांड्यांजवळच असायचा. मला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्यात कांदा घातलेलं ताक घुसळून दिराला दिलं. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, संध्याकाळी देवापाशी गेल्या, गडू उचलला, आणि तशाच थांबल्या. मग चिंच घेऊन ओट्यावर बसल्या. बराच वेळ घासला. पाणी भरलं, देवापुढं ठेवला. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही.

"मग?" वहिदा म्हणाली.

"मग काही नाही. देव रागावला असेल असं मला वाटत नाही. त्याला घासलेला गडू चालला. पण सासूबाई चाळीस वर्षांनी गेल्या, तोवर मी त्यांच्यासमोर गडू उचलताना दर वेळी खाली बघायचे."

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं, का त्यांना कळलं?"

"कळलं. मी कुठली सांगते. मलाच त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं."

"कांद्याच्या वासानं कळलं असेल."

"हो."

ती ठशाकडं बघत राहिली. मग नाकाशी नेला, वास घेतला, माझ्यापुढं धरला. इतके दिवस, इतक्यांदा धुऊन, अजून रॉकेलचा वास येत होता.

"वासानं कळू नये ताई," ती म्हणाली. "अब्बांना वासानं कळू नये. ते दार लावून घेतील, आंघोळ करून बसतील, हातात घेतील, आन् तेव्हा कळेल. आत बोलायचं पण नसतं. कुणाला विचारतील ते?"

पहारेकऱ्यानं पुन्हा आवाज दिला. खाली कुठंतरी अजान सुरू झाली. वहिदानं ओढणी डोक्यावर घेतली, ठसा टॉवेलात बांधला. मीही हात जोडले, सवयीनं. आम्ही उठलो नाही. अजान संपेपर्यंत दोघी तशाच बसलो.

मग मी तिला म्हटलं की हे गलेफचं मी लेखात लिहिणार नाही, तिनं काळजी करू नये. कव्हरांवर पुष्कळ मिळालं आहे, भेगांचं पोस्टर आहे, भाजीचं आहे. तेवढ्यावर चांगला लेख होईल. दिवाळी अंक गावोगाव जातो, देवगावातही कुणीतरी वाचेल आणि अब्बांना सांगेल. त्यापेक्षा नको.

"नाय नाय. लिहा," ती म्हणाली. "सगळं लिहा. मी सकाळपासून ठरवत होते, तुम्हाला सांगू का नको. पुलावर सांगून टाकलं. तुम्हाला सांगता आलं ते त्यांना का सांगता येत नाय? चार वेळा फोन लावला. 'अब्बा, कैसे हो' म्हणते नि पुढं पत्रिकांचं बोलते."

ती उठली. पिशवी तिनं या खेपेला खांद्यावर घेतली नाही, दोन्ही हातांत धरली. दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याकडं वळली.

"ताई, एक मागू का? छापायला द्यायच्या आधी, रविवारी माझ्यासोबत देवगावला या. साडेसातची एसटी हाय. त्यांना मराठी वाचता येत नाय, पण ऐकलं की सगळं समजतं. तुम्ही लिहिलेलं त्यांच्यासमोर बसून वाचा. पोरांच्या गाण्यांचं पण वाचा, कव्हरचं पण. मी बाजूला बसेन, ठसा माझ्या मांडीवर असेल. मी वाचलं तर फडक्याचं गाळीन. तुम्ही गाळू नका."